उंबरजे सरांची ब्लाइंड कॉपी

उंबरजे सर वारलेले नाहीत. हे आधीच सांगून टाकते, कारण कुणी कुणावर असं लिहायला बसलं की वाचणाऱ्याला वाटतं, माणूस गेला असणार आणि आता त्याचं सगळं चांगलंच वाचायला मिळणार. सर धडधाकट आहेत. रोज सकाळी तळ्याभोवती चार फेऱ्या मारतात. निवृत्त झाले तरी लोक अजून त्यांच्याकडे प्रबंध घेऊन जातात. आणि मला त्यांचा राग येतो. पूर्वी यायचा असं नाही, आजही येतो. राग शांत झाल्यावर लिही, असं मला दोघातिघांनी सांगितलं. त्याची वाट बघत बसले तर माझीच निवृत्ती येईल, म्हणून आत्ताच लिहितेय.

आमच्या कॉलेजात सर समाजशास्त्राचे विभागप्रमुख होते आणि माझे पीएच.डी.चे मार्गदर्शक. मी तिथंच तासिका तत्त्वावर शिकवत होते. सर उंच, शिडशिडीत, कपाळावर विभूतीची पुसट रेघ, अंगात कायम पांढरा हाफ शर्ट. खिशात दोन पेनं, एक लाल आणि एक हिरवं, आणि दोन्हींच्या मध्ये सहा इंची स्टीलची पट्टी. लाल पेन चुकीसाठी होतं. हिरवं त्याहून मोठ्या चुकीसाठी. पट्टी कशासाठी होती ते पहिल्या भेटीतच कळायचं. आपण नमस्कार करून कागद पुढं ठेवावेत, तर सर वर बघायच्या आधी पट्टी काढून डावा समास मोजायला लागायचे.

सरांच्या हातून गेलेला लेख फॉरमॅटवरनं परत येत नाही, अशी त्यांची ख्याती होती, आणि ती खरी होती. अक्कलकोट, बार्शी, पार विजापूरकडनंसुद्धा माणसं यायची. रविवारी सकाळी त्यांच्या घरी दातांच्या डॉक्टरकडं असतात तशी माणसं मांडीवर फायली घेऊन रांगेनं बसलेली असायची. प्रत्येक जर्नलच्या 'लेखकांसाठी सूचना' सरांनी छापून, वर प्लास्टिक चढवून, केबिनच्या भिंतीवर कॅलेंडरसारख्या टांगल्या होत्या. कुठल्या जर्नलला सारांश किती शब्दांचा लागतो, तक्त्याचं नाव वर लागतं की खाली, आकृतीचं कुठं, सगळं तोंडपाठ. नातवाचा वाढदिवस विसरायचे, हे नाही विसरायचे.

मजकूर मात्र ते वाचत नसत. मी रागानं काहीतरी ठोकून देतेय असं समजू नका. पानं उचलून खिडकीसमोर धरायची, उजेडात पाठच्या ओळी पुढच्या ओळींवर बसतात का बघायचं, हे त्यांचं वाचन. "संपादक आधी कागद बघतो, मग पत्र बघतो. मजकूर बघायला त्याला वेळ कुठाय?" असं म्हणायचे. दुसरं एक ठेवणीतलं वाक्य होतं, "समास सांभाळा, विचार आपोआप सांभाळला जातो." ऐकायला बरं वाटायचं. आम्ही वहीत लिहूनसुद्धा घ्यायचो. आणि चर्चा त्यांना नको असली की कानडीत "आयतु, बिडु" म्हणायचे, म्हणजे झालं, सोड आता. एकदा आयतु बिडु झालं की पुढं बोलणारा माणूस मूर्ख.

माझं पहिलं प्रकरण मी त्यांना दिलं तेव्हा चाळीस पानं होती. सहा महिने घातले होते त्यात. तीन आठवड्यांनी परत मिळालं. कॉलेजच्या पायऱ्यांवर बसून एकेक पान उलटलं. पहिल्या पानावर लाल शाईत लिहिलं होतं, "डावा समास दीड इंच हवा. आहे १.४." पुढची एकोणचाळीस पानं कोरी. परत केबिनमध्ये गेले आणि विचारलं, "सर, मजकुराबद्दल काही?" म्हणाले, "मजकूर कुठं पळून जातोय, पवार? आधी हे बघ."

गमतीचेही प्रसंग होते, नाही असं नाही. मुलाचं लग्न ठरलं तेव्हा सरांनी निमंत्रणपत्रिकेचा नमुना छापखान्याला पाच वेळा परत पाठवला. कारण काय, तर डावीकडं वराकडच्यांची नावं आणि उजवीकडं वधूकडच्यांची, आणि दोन्हीकडच्या ओळींची लांबी जुळेना. यांची नावं लांबलचक, तिकडची आखूड. शेवटी सरांनी व्याह्यांना फोन करून विचारलं, तुमच्या नावापुढं आजोबांचंही नाव घातलं तर चालेल का. व्याही भले माणूस, चालेल म्हणाले. तोवर छापखानेवाला वैतागून दुसऱ्या कामाला लागला होता. पत्रिका इतक्या उशिरा आल्या की अर्ध्या सोलापूरला फोनवरनंच आवतण गेलं. लग्नात आम्ही सगळे त्यावर पोट धरून हसलो. नवरीसुद्धा हसली. स्नेहल तिचं नाव. ती दुसऱ्या एका कॉलेजात प्राध्यापक होती, आमच्याच विषयाची.

माने काकांचा प्रसंग मात्र गमतीचा नव्हता, आणि तरी मी त्याला हसले आहे. माने काका होटगीचे. रेल्वेत आयुष्य काढलेले, निवृत्त झाल्यावर साठाव्या वर्षी पीएच.डी.ला बसले. विषय होता रुळांवर काम करणारे गँगमन. काका स्वतः एका बोटानं टाइप करायचे. संदर्भसूची एका पद्धतीनं केली, तर सर म्हणाले, आपण दुसऱ्या जर्नलला पाठवू, तिथली पद्धत वेगळी. केली. मग तिसऱ्या. केली. चौथ्यांदा सर भिंतीवरचं प्लास्टिक काढायला लागले तेव्हा काकांनी हात जोडले. म्हणाले, "सर, तुमी माजं एक पान वाचा. एकच. कुटलंबी काढा आन् वाचा. मग सांगाल ते करतो."

सरांनी मधलंच एक पान ओढलं, टेबलावर ठेवलं आणि पट्टीनं दोन ओळींमधलं अंतर मोजलं. काकांनी ते पान त्यांच्या हाताखालनं काढून घेतलं, बाकीच्या पानांत लावलं, सगळा गठ्ठा कापडी पिशवीत घातला आणि निघून गेले. परत कधी आले नाहीत. सर दर वर्षी नव्या विद्यार्थ्यांना हा किस्सा सांगायचे, काकांचा आवाज काढून. "दमच नव्हता," असं शेवटी. वर्ग हसायचा. पहिल्या वर्षी मीही हसले. आज ते आठवलं की स्वतःच्या थोबाडीत मारून घ्यावंसं वाटतं.

खोटं कशाला बोलू, त्यांच्याकडनं शिकलेही. तक्ता कसा मांडावा, कुठली रेघ लागते आणि कुठली उगाच असते, आकृतीखाली किती लिहावं, पाठवण्याआधी कुठल्या बारा गोष्टी तपासाव्यात, हे सगळं त्यांचं. आजही लेख पाठवताना त्यांच्याच क्रमानं तपासते. दर वेळी त्यांची आठवण येते आणि दर वेळी तोंड कडू होतं.

आता त्या लेखाचं सांगते. आम्ही कुंभारीला बिडी कामगारांच्या वसाहतीत राहतो. वडील गेल्यावर आई मंद्रूपहून इकडं आली आणि मांडीवर पानं-तंबाखूचं सूप घेऊन बिड्या वळायला लागली. मी त्या सुपाशेजारी बसून शाळा, कॉलेज, सगळं केलं. बायका घरी बिड्या वळतात आणि कारखान्यात नेऊन देतात. तिथला तपासणारा त्यातल्या काही खराब म्हणून बाजूला काढतो. त्याला छाट म्हणतात. छाटीतल्या बिडीची मजुरी मिळत नाही, पण ती बिडी परतही मिळत नाही. ती जाते कुठं, आणि बायका ते कशा सोसतात, यावर मी लेख लिहिला. तीन वर्षं घरोघरी बसून लिहिला. निम्मा लेख आईच्या तोंडचा होता, कारण तिच्याइतकं सविस्तर कुणी बोललंच नाही. आणि मी लेखात स्वच्छ लिहिलं होतं, की मी यांच्यातलीच, बिडी वळणारीची मुलगी आहे, म्हणून या बायका माझ्याशी मोकळेपणी बोलल्या.

हा लेख छापून येणं माझ्यासाठी जीवनमरणाचा प्रश्न होता. आमच्याकडं तेव्हा नियम असा, की आपल्या नावाचा शोधनिबंध आल्याशिवाय प्रबंध दाखल करता येत नाही. प्रबंध नाही तर पदवी नाही, पदवी नाही तर कायमची नोकरी नाही. आईचे डोळे तोवर अधू व्हायला लागले होते. तिचं ते सूप मला लवकरात लवकर माळ्यावर टाकायचं होतं.

सरांनी लेख हातात घेतला, पट्टी फिरवली आणि म्हणाले, "चांगल्या जर्नलला पाठवू. पण तिथं ब्लाइंड कॉपी लागते." म्हणजे काय, तर लेख तपासणाऱ्याला तो कुणी लिहिला ते कळता कामा नये. लेखकाचं नाव, कॉलेज, आभार, ओळख पटेल अशी प्रत्येक खूण काढायची. नावांचं पान वेगळं, लेख वेगळा. नियम योग्य आहे, जगभर पाळतात, माझी त्याबद्दल काही तक्रार नाही. मी आठ दिवस बसून एकेक खूण काढली. फाइलच्या पोटात संगणक आपलं नाव लपवून ठेवतो, तेसुद्धा सरांनी शेजारी बसून काढायला लावलं. "आता बघ. कोण पवार? कुठली पवार? कुणालाही कळणार नाही," असं म्हणून सर खूश झाले.

आईवरनं मात्र मी भांडले. सर म्हणाले, 'माझी आई' काढ, ओळख पटते. मी म्हटलं, सर, निम्मा लेख त्यावर उभा आहे. "उत्तरदात्री क्रमांक सात लिही. शास्त्रीय वाटतं." मी म्हटलं, मग मी त्यांच्यातलीच आहे हे तरी राहू द्या. "आयतु, बिडु, पवार." संपलं. मी घरी येऊन 'आई' शोधलं आणि जिथं जिथं सापडली तिथं तिथं 'उत्तरदात्री क्रमांक सात' केलं. आई तेव्हा समोरच बसून बिडीची पानं कापत होती.

नावांचं पान सरांनी स्वतःकडं ठेवलं. संपादकांशी पत्रव्यवहार वरिष्ठांनीच करायचा असतो, म्हणाले. मी भीत भीत विचारलं, "नावांचा क्रम कसा ठेवायचा सर?" तर म्हणाले, "तुझं आहेच की." मी निर्धास्त झाले. मार्गदर्शकाचं नाव पहिलं आणि आपलं दुसरं, हे आमच्याकडं सगळ्यांनीच गिळलेलं असतं. तेवढं गिळायची माझीही तयारी होती.

सात-आठ महिन्यांनी विभागाच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर सरांनी एक फोटो टाकला. लेख स्वीकारल्याचं पत्र. खाली अंगठ्यांची आणि फुलांची रांग लागली. मीही आनंदानं पत्र मोठं करून बघितलं. लेखाचं नाव माझं होतं, शब्दन् शब्द. त्याखाली लेखक दोन. डॉ. शि. म. उंबरजे आणि डॉ. स्नेहल उंबरजे. मी तास सोडून तडक केबिनमध्ये गेले.

"सर, माझं नाव?"

"आभारात घातलंय की. पहिलंच."

"सर, लेख मी लिहिलाय."

"बस, पवार. पाणी घे." सर शांत होते, आवाजसुद्धा चढला नाही. "असं आहे, तिथल्या फॉर्मात दोनच लेखकांची चौकट होती. स्नेहलची बढती अडकलीय, तिला वेळ नाही. तुझं वय आहे अजून. पुढच्या लेखात तुझं पहिलं."

अंगाचा तिळपापड झाला. नंतर मी स्वतः त्या जर्नलच्या पानावर जाऊन फॉर्म उघडून बघितला. चौकटी दोनच होत्या हे खरं. त्यांच्याखाली 'लेखक वाढवा' असं ठळक निळं बटण होतं. सारांशातला एक शब्द जास्त झाला तर ज्यांना झोप लागायची नाही, त्या माणसाला ते बटण दिसलं नाही! आणि सगळ्यात जास्त संताप कशाचा आला सांगू? लेखातनं माझं नाव सरांनी पुसलं नव्हतं. मीच पुसलं होतं, आठ दिवस बसून, बारीकसारीक खुणांसकट. माझ्याकडं दाखवायला सापडतील त्या कच्च्या प्रती होत्या, पण मार्गदर्शकाविरुद्ध तक्रार करून त्याच मार्गदर्शकाकडं प्रबंध कसा पुरा करायचा? मूग गिळून बसले. आईला नावाचं काहीच सांगितलं नाही. तिला वाटत होतं, पोरीचा लेख मोठ्या ठिकाणी लागला, आणि ती गल्लीभर सांगत सुटली होती.

मग एका रविवारी सकाळी सरांचाच फोन आला. छपाईआधीची प्रत आली होती, संपादकांनी लेखकांना काही प्रश्न विचारले होते आणि दोन दिवसांत उत्तरं द्यायची होती. शिवाय लेखात आईच्या हातांचा फोटो होता, त्यासाठी तिची वेगळी सही हवी होती. "मीच येतो तुझ्याकडं," म्हणाले. मी मनात म्हटलं, या. प्रश्नांची उत्तरं तुम्हाला येत नाहीत, सूनबाईंना येत नाहीत, आता कळेल. आधी माझं नाव, मग उत्तर, असं ठरवूनच मी बसले.

सर कुंभारीला पहिल्यांदाच येत होते. गल्लीत तीनदा चुकले. दारात आले तशी आई सूप बाजूला सारून उठली, पदर सारखा केला. "या की मास्तर, या. बसा हितं खुर्चीवर. पोरगी लई नाव काडती तुमचं." मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

सरांनी प्लास्टिकच्या फोल्डरमधनं कागद काढले आणि पहिला प्रश्न वाचला. पानात ओल किती आहे ते बायका कशावरनं ओळखतात? मी तोंड मिटून बसले. सर माझ्याकडं बघतायत, मी भिंतीकडं. आणि आई चहाचं आधण ठेवता ठेवता म्हणाली, "त्याला काय मास्तर, गालाला लावून बगायचं. गार लागलं तर वल हाय. न्हायतर वळताना फाटतंय."

सरांनी हिरव्या पेनानं लिहून घेतलं. दुसरा प्रश्न, छाट मोजून काढतात की वजनानं? "कुटलं मोजत्यात वो! मुठीनं उचलत्यात. मूठ केवडी ते त्येच्या मर्जीवर." लिहून घेतलं. मी आईला डोळ्यांनी खुणावलं. तिनं बघितलं आणि उलट मलाच म्हणाली, "गप का बसलीस ग? मास्तर एवड्या लांबनं आलेत, सांग की." सहाच्या सहा प्रश्नांची उत्तरं तिनं देऊन टाकली, वर चहा आणि भाजलेल्या शेंगा. मी हातात धरून बसले होते ते सगळं माझ्या आईनं पाहुणचारात वाटून टाकलं.

राहिली सही. सरांनी संमतीपत्र मराठीत टाइप करून आणलं होतं, दोन प्रतींत, सहीच्या जागी पेन्सिलीची बारीक फुली. आई साक्षरतेच्या वर्गाला गेलेली. तिला वाचता येतं, ओळीखाली बोट धरून, सावकाश. आणि सही करायच्या आधी कागद वाचायचा, हे तिला मीच शिकवलेलं. ती वाचायला लागली. "आकृती एक. बिडी वळनारे हात. उत्तरदात्री क्रमांक सात. छायाचित्र, लेखक." बोट थांबलं. "लेखक म्हंजे कोन, मास्तर?"

"ज्यांनी लेख लिहिला ते."

"म्हंजे ही." आईनं हनुवटीनं माझ्याकडं दाखवलं.

तिचं बोट एक ओळ खाली गेलं. तिथं लेखकांची नावं होती. तिनं दोन्ही वाचली, अक्षर अक्षर लावून. परत वाचली.

"ही स्नेहल कोन?"

"माझी सून आहे."

"कवा आलती हितं?"

सरांनी रुमालानं चष्मा पुसला. "आई, छपाईचे काही नियम असतात..."

"तुमी कवा आलता? आज तर पयल्यांदा आलाव. फोटू पोरीनं काडला, दिवाळीच्या आदल्या दिवशी, हितंच. तुमचं नाव कसं त्येच्यावर?" मग माझ्याकडं वळली. "मनीषा, तुजं नाव कुटं हाय?"

मी नाही म्हणून मान हलवली.

आईनं पेन सरांच्या पुढ्यात ठेवलं. "आदी हिचं नाव लिवा. मग मी माजं लिवते."

आता नाव वाढवायचं तर संपादकांना पत्र लिहावं लागलं असतं, कारण द्यावं लागलं असतं, सुनेची सही लागली असती. पण होण्यासारखं होतं. मला माहीत होतं आणि सरांनाही माहीत होतं. सरांनी मग छपाईच्या प्रतीतलं ते पान काढलं आणि फोटोवर, आईच्या दोन्ही हातांवरनं, हिरवी तिरकी रेघ मारली. "मग फोटो वगळू. सही नको आता."

एक नाव घालण्यापेक्षा ते हात काढून टाकणं त्यांना सोपं वाटलं.

आईनं त्या रेघेकडं पाहिलं. "मग मी बोलल्यालं बी वगळा."

सर हसले. पहिल्यांदाच जरा कुत्सितपणे. "तसं काढता येत नाही आई. ते आता लेखात आहे."

"येतं सर," मी म्हटलं. उठले, कपाटातनं मुलाखतींची फाइल काढली आणि आईनं तीन वर्षांपूर्वी सही केलेलं संमतीपत्र त्यांच्यापुढं ठेवलं. मसुदा सरांचाच होता. कलम चार, उत्तरदात्री प्रकाशनापूर्वी केव्हाही आपले कथन मागे घेऊ शकते.

सरांनी कलम वाचलं. मग माझ्यावर ओरडले. इतक्या वर्षांत पहिल्यांदा. "डोकं फिरलंय का तुझं? निम्मा लेख जातोय! तुझाच लेख बुडतोय, कळतंय का?"

"माझा कुठाय सर तो?"

मी कागद घेऊन आईच्या वतीनं लिहायला बसले, तर तिनं तो ओढून घेतला. "मीच लिवते." सर खुर्चीवर, मी दाराशी, आणि आई जमिनीवर कागद ठेवून लिहितेय. एवढ्याशा ओळीला तिला बराच वेळ लागला. कारखाना नाही, कलम नाही, तक्रार नाही. 'मी सांगितलेलं माझं मला परत पायजे.' खाली सही.

सरांनी कागद हातात घेतला. म्हणाले, "तारीख राहिली." आणि खरोखर खिशातनं पेन काढून आपल्या सुरेख अक्षरात खाली तारीख घातली. मग फोल्डरमध्ये ठेवला, उठले, आणि दारात चपला घालताना माझ्याकडं न बघता म्हणाले, "दोन वर्षं जातील तुझी."

त्यात खोटं नव्हतं. सरांनी लेख मागे घेतला, मी मार्गदर्शक बदलला, दोन वर्षं गेली आणि वर आणखी काही महिने गेले. तेवढे दिवस आईनं बिड्या वळल्या आणि तिच्या एका डोळ्यानं आता फारसं दिसत नाही. हा हिशेब मी कुणाकडं मागायचा? म्हणून तर म्हटलं, राग येतो.

त्या दिवशी मात्र मी दारात उभी राहून सरांना जाताना बघत होते. फोल्डर छातीशी धरून ते गल्लीतनं चालले होते. दोन्हीकडं उंबऱ्यांवर बायका सुपं घेऊन बसलेल्या. एरवी कुणी परका आला की दहा चौकश्या करतात. कुणीतरी विचारलंही, "मनीषाचे सर न्हवं का तुमी?" सर थांबले नाहीत. गाडीत बसले, दोनदा पुढंमागं करून गाडी वळवली आणि रस्त्याला लागले. त्यानंतर मी त्यांना लांबनं पाहिलंय, भेटले कधीच नाही.

"गेले?" आईनं आतनं विचारलं.

"गेले."

"मग वही आन. पयल्यापासनं सांगते." ती सूप न घेता भिंतीला टेकून बसली होती, हात मांडीवर मोकळे. मी वही उघडली. पानाच्या वर सवयीनं 'उत्तरदात्री' एवढं लिहिलं, तर तिनं वाकून बघितलं आणि बोट ठेवलं.

"ते नगं. माजं नाव लिव, आक्खं. इंदूबाई तुळशीराम पवार."